हव्या तेवढ्या फेऱ्या

पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढून झाल्या आणि मधूदादा मटकन खाली बसला.

"माझ्यानं न्हाई होत आता," तो म्हणाला. "पाय दुखाय लागले."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. फलटणला आमच्या आळीतल्या चिंचेच्या पार शेंड्यावर जाऊन बसणारा, आईनं खालून शंख केला तरी न उतरणारा हा पोरगा. याचे पाय दुखायला लागले?

"अरे, हत्ती चढायचे या पायऱ्यांवरून!" यशवंतकाका म्हणाले. "आणि तू बारा वर्षांचा घोडा बसतोस काय?"

"तुम्ही हेमीला घेऊन जावा काका. तिला लई हौस आहे सगळं बघायची."

काकांनी माझा हात धरला. काकू दुसऱ्या बाजूला होतीच. दोघांच्या मधोमध मी एकटी पर्वती चढले. मागे वळून पाहिलं तेव्हा मधूदादा मस्त उठून उभा राहिला होता आणि कुणाच्या तरी आवारातल्या आंब्यावर दगड मारत होता. थोड्याच वेळात खालून रखवालदाराची शिवी ऐकू आली. काकूनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हा मुलगा म्हणजे अगदी हूड आहे हो," ती म्हणाली.

"तो तसा न्हाई काकू," मी म्हणाले. "घरी लई गुणाचा आहे."

"खूप गुणाचा," काकूनं मला दुरुस्त केलं. पण हसून केलं.

पानशेतचं धरण फुटून तेव्हा काही वर्षं झाली होती. पुण्यातली माणसं अजून बोलताना 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असं म्हणायची. काकांच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांपर्यंत पाणी आलं नव्हतं, पण काका आल्यागेल्याला पूर कुठवर आला होता ते दाखवायला न्यायचे. त्यांना पुणं दाखवायची भारी हौस. उन्हाळ्यात कुणीही पाहुणा येवो, त्याचा कार्यक्रम ठरलेला. पहाटे पर्वती, दुपारी केळकरांचं संग्रहालय, संध्याकाळी संभाजी पार्कातले मासे, मग शनिवारवाडा, मस्तानी, आणि सगळ्यात शेवटी पेशवे पार्क. एक जागा दाखवून झाली की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिच्यावर प्रश्न विचारायचे. पोस्टात नोकरीला होते, पण जीव सगळा मास्तराचा. माझे वडील खरोखरचे मास्तर, ते मात्र घरी आम्हाला काही विचारायच्या भानगडीत पडत नसत. चार पोरं होतो आम्ही. थोरला विठूदादा, मग मधूदादा, मग मी, आणि धाकटी छबी. मी आठ वर्षांची होते.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. हे आम्हा मुलांना माहीत होतं, जसं समोरच्या आजोबांना डोळ्यांनी दिसत नाही हे माहीत होतं. त्यावर विचार करावा असं कधी वाटलं नव्हतं.

मी आईला सोडून एक रात्रही कुठे राहिले नव्हते. मेच्या सुट्टीत पुण्याला जायचं म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणाले होते. मधूदादा बरोबर येणार म्हणून तयार झाले. फलटणच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हाच मी त्याची बाही घट्ट धरली होती. गाडी सुटल्यावर मी त्याला विचारलं, "मला तिथं सोडून तू एकटा येणार न्हाईस ना?"

"न्हाई गं."

"गळ्याची शपथ?"

त्यानं गळा चिमटीत धरला. "गळ्याची शपथ. दोघं गेलो, दोघं येणार."

मग कुठे माझ्या जिवात जीव आला. लोणंद येईपर्यंत मी त्याच्या मांडीवर झोपून गेले होते.

पुण्यात आल्यापासून मधूदादा माझी फार काळजी घ्यायला लागला होता. घरी तो माझ्या वेण्या ओढायचा, माझी पाटी लपवायचा. इथे मात्र सकाळी स्वतः माझे केस विंचरून द्यायचा. काकू उठायच्या आत मला कोपऱ्यात घेऊन सांगायचा.

"हेमे, काकूपुढं लई म्हणायचं न्हाई. खूप म्हणायचं. न्हाई म्हणायचं न्हाई, नाही म्हणायचं."

"आणि तू?"

"माझं सोड गं. माझी जीभ जड आहे."

"मग मी कशाला म्हणू?"

"काकू खूश झाली तर आपल्याला फुलराणीत बसवतील. पेशवे पार्कात आगगाडी आहे, खरी शिट्टी मारती. बोगद्यातनं जाती."

आगगाडीसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. संग्रहालयात मी दिव्यांखालच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं धडाधड दिली. मधूदादाला काहीच आलं नाही. शनिवारवाडा कुणी बांधला म्हटल्यावर तो म्हणाला, "गवंड्यांनी." काकांनी कपाळावर हात मारला. मी हसून हसून लोळले. खरं म्हणजे मधूदादाला इतिहास माझ्याहून चांगला येत होता. विठूदादाचं पुस्तक त्यानं कधीच वाचून फस्त केलं होतं. मला वाटलं, तो मला हसवायला मुद्दाम वेडंवाकडं बोलतो. मुद्दाम बोलत होता हे खरंच होतं.

संभाजी पार्कात माशांच्या काचेपुढे उभं असताना तो काकूला म्हणाला, "हेमीला गाणं म्हणायला सांगा की. शाळेत पहिला नंबर आला तिचा."

मी लाजले. काकू खाली बसली, अगदी माझ्या उंचीला आली, आणि म्हणाली, "म्हणशील? माझ्यासाठी?"

मी म्हटलं. माशांपुढे उभी राहून, शाळेच्या गणपतीत म्हटलेलं. चार माणसं थांबली. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं मला जवळ ओढून माझी दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटं मोडली. तिच्या खांद्यावरून मला मधूदादा दिसत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो काकांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

मस्तानीच्या दुकानात तर त्यानं कमालच केली. काकांनी चार पेले मागवले. मस्तानी नावाचं काही पितात हेसुद्धा आमच्या फलटणला कुणाला माहीत नव्हतं. दूध, आईस्क्रीम, वरती काजू. मधूदादानं आपला पेला माझ्याकडे सरकवला.

"माझा दात ठणकतोय. तू घे."

"खरंच?"

"घे म्हणतो ना."

मी दोन्ही पेले संपवले. त्या रात्री गॅलरीत अंथरुणावर पडल्या पडल्या मला वाटलं, जगात कुणाचाच भाऊ असा नसेल. हे वाटणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि अजून अंगाची लाही होते.

पेशवे पार्काचा दिवस उजाडला. काकूनं मला नवा झगा घातला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिनंच शिवला होता, आमच्या येण्याच्या आधीपासून शिवत होती म्हणे. पण आम्ही येण्याच्या आधी माझं माप तिला कुठून मिळालं, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला पडत नाही.

"मधूदादाला नवा सदरा नाही?" मी विचारलं.

"त्याला कशाला?" मधूदादाच म्हणाला. "मी काय, मळवणारच."

बागेत तोबा गर्दी होती. सुट्टीचा महिना, सगळं पुणं आणि पुण्याचे सगळे पाहुणे तिथेच लोटलेले. वाघाच्या पिंजऱ्यापुढे पोरांचा गिल्ला, मोराभोवती बायकांचा घोळका, हत्तीवर बसायला रांग. काकांनी आज एकही प्रश्न विचारला नाही, एकही माहिती सांगितली नाही. ते मला सरळ फुलराणीच्या स्टेशनवर घेऊन गेले. खरंखुरं छोटं स्टेशन, छोटा फलाट, छोटे डबे. इंजिनानं शिट्टी मारली तेव्हा मी टाळ्या पिटल्या.

"किती फेऱ्या?" मी विचारलं, कारण फलाटावरची बाकीची पोरं एकेका फेरीसाठी आईबापांच्या विनवण्या करत होती.

"हव्या तेवढ्या," काका म्हणाले. "आज तुला हव्या तेवढ्या फेऱ्या. उतरायचंच नाही."

मी टुणकन डब्यात बसले. "मधूदादा, चल!"

"मी मोठा झालो आता. लोक हसतील. तू बस, मी इथंच उभा राहतो. प्रत्येक फेरीला मला हात कर."

तो लोखंडी कठड्याला टेकून उभा राहिला. गाडी सुटली. झाडांमधून वळली, बोगद्यात शिरली. सगळी पोरं किंचाळली, मीही किंचाळले. पुन्हा उजेड झाला, वळण आलं आणि कठड्याशी मधूदादा. मी हात केला. त्यानं हात केला. दुसऱ्या फेरीला त्यानं जीभ काढून दाखवली. तिसरीला काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते त्याला काहीतरी सांगत होते. तरी त्यानं माझ्याकडे बघून हात केला.

त्यानंतरच्या फेरीला तो नुसताच बघत उभा होता. मी हात केला. मी ओरडून हाक मारली. गाडीच्या खडखडाटात त्याला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं.

पुन्हा झाडं, पुन्हा बोगदा, पुन्हा किंचाळणं. वळणावर मी आधीच हात उंच करून ठेवला होता.

कठड्याशी काकू उभी होती. अगदी तो उभा होता त्याच जागी. आणि ती दोन्ही हातांनी मला हात करत होती.

पाणी प्यायला गेला असेल, मी मनाशी म्हटलं. पुढच्या फेरीलाही काकूच होती. काकाही दिसेनात. मग मला आगगाडी नको झाली. मला उतरायचं होतं, पण गाडी फलाटावर जेमतेम थांबायची, नवी पोरं घुसायची आणि मधल्या बाकावर अडकलेली मी पुन्हा निघायची. बोगद्यात सगळ्यांबरोबर मी ओरडले तेव्हा मी दादाच्या नावानं ओरडत होते, ते कुणाला कळलं नाही.

शेवटी गाडीवाल्यानं मला रडताना पाहून उचलून खाली ठेवलं. काकू धावत आली.

"मधूदादा कुठाय?"

"अगं, तो पुढे गेला. काका त्याला स्वारगेटला बसवून द्यायला गेलेत. फलटणची गाडी चुकली असती."

"आणि मी?"

काकूनं मला उचलून कडेवर घेतलं. आठ वर्षांच्या घोडीला. तिला झेपत नव्हतं, पण तिनं सोडलं नाही.

"तू आता इथंच राहायचंस. तू आता आमची. जूनपासून शाळा, गाण्याची शिकवणी, सगळं सगळं."

मी तिच्या हाताला चावले. खरंच चावले, रक्त येईपर्यंत. तरी तिनं मला खाली ठेवलं नाही. ती मला घेऊन बागेतून बाहेर पडली आणि सारसबागेपर्यंत लोक आमच्याकडे वळून वळून बघत होते.

"मला सांगून का न्हाई गेला?" मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते.

"मूल हसत असताना निघावं गं," काकू म्हणाली. "मग त्याला फार लागत नाही. आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात. माझ्या आईनं मला असंच शाळेत सोडलं होतं."

यात तिचं काही कपट होतं असं मी म्हणणार नाही. बिचारीला खरंच तसं वाटत होतं. इतके दिवस त्यांनी मला हसवलं होतं, ते या एका दुपारसाठी.

घरी आल्यावर मी दाराच्या उंबऱ्यात बसले. स्वारगेटहून काका एकटे परत आले. त्यांच्याकडे मी पाहिलंही नाही.

"मधूदादा मला न्यायला येईपर्यंत मी जेवणार न्हाई," मी सांगितलं.

मला पक्कं माहीत होतं की तो येणार. त्याला फसवून गाडीत बसवलं असणार, काकांनी खोटंनाटं सांगितलं असणार. लोणंदला त्याच्या लक्षात येईल. तो ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावील. उतरेल, उलट्या गाडीत बसेल. गळ्याची शपथ घेतली होती त्यानं. मोठी माणसं काय, ती कशीही वागतात. बाबांनी फसवलं असेल. आईला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला पुढे जन्मभर कधी विचारू शकले नाही. पण मधूदादा माझ्या बाजूचा होता. या घरात आम्ही दोघं एका बाजूला होतो, आणि आता मी एकटी त्याची वाट बघत होते. उपाशी राहणं एवढंच त्याच्यासाठी मला करता येण्यासारखं होतं.

दिवेलागण झाली. काकूनं आमरस काढला होता, पुरणपोळी केली होती. ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. मी ते सरकवून दिलं. तिनं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. मग ती आत जाऊन रडायला लागली, ते मला ऐकू येत होतं.

काका माझ्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसले.

"हेमा," ते म्हणाले, "तुला वाटतंय की आम्ही मधूला तुझ्यापासून तोडलं. होय ना?"

मी मान हलवली.

"मग ऐक. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. आम्हाला मुलगाच हवा होता. थोरला मुलगा कुणी दत्तक देत नाही, म्हणून संक्रांतीला आलो होतो तेव्हा तुझ्या बाबांकडे मी मधूला मागितलं. बाबा तयार झाले. मधूला म्हणाले, जातोस का काकांकडे कायमचा? तर तो काय म्हणाला, सांगू?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणाला, काका, मी द्वाड आहे, मला नेऊन तुम्हाला त्रास होईल. तुम्ही आमच्या हेमीला न्या. ती हुशार आहे, गाते गोड. तुम्ही दोघांना सुट्टीत बोलवा, दोघांना बघा, आणि मग ठरवा. तुझं माप पण त्यानंच कळवलं हो आम्हाला, दोऱ्यानं मोजून. आम्ही म्हटलं, एवढंसं पोर, पण बहिणीसाठी किती विचार करतंय! आज निघताना तर मला म्हणाला, बघा, मी सांगितलं नव्हतं?"

काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटत होतं, हे ऐकून मला बरं वाटेल.

"बघ," ते म्हणाले, "केवढा जीव आहे त्याचा तुझ्यावर."

मला पायऱ्यांवर मटकन बसलेला मधूदादा दिसला. 'गवंड्यांनी' म्हणणारा दिसला. मस्तानीचा पेला पुढे सरकवणारा, माझे केस विंचरणारा, 'खूप म्हणायचं' असं शिकवणारा दिसला. माझ्या गाण्याच्या वेळी काकांच्या चेहऱ्याकडे बघणारा दिसला. तो नापास होत होता आणि मला पास करत होता, इतके दिवस, रोज, प्रत्येक बागेत. आणि मी त्याच्यावर जीव टाकत होते.

मी रडले नाही. सगळं रडणं बागेतच संपलं होतं.

मी हात लांब करून ताट ओढलं. पोळी गार झाली होती. मी ती आमरसात बुडवून खाल्ली, मग दुसरीही खाल्ली. आता कुणासाठी उपाशी राहायचं, तेच मला कळत नव्हतं.

आतून काकू डोळे पुसत धावत बाहेर आली. मला जेवताना बघून तिचा चेहरा उजळला.

"अहो, जेवली!" ती काकांना म्हणाली. "किती समजूतदार आहे हो माझी मुलगी."

"अजून वाढू?" तिनं मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "खूप झालं."